हसकेल मास्तरांचं एक वाक्य

फोन आला तेव्हा मी कन्नडला लेकीच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्याआधी थोडाच वेळ, नऊच्या सुमाराला, लेक आतून म्हणाली होती, "आई, कुणाशी बोलायलीस गं?" मी कुणाशीच बोलत नव्हते. पण ओठांना बोट लावून पाहिलं, तर ते हलत होते... तेवढ्यात जावई दुकानातून आले आणि म्हणाले, औरंगाबादहून बाबांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, फोन होता, हसकेल मास्तर सकाळी नऊला गेले. मेथी तशीच टाकून मी एसटी गाठली. त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाला थांबवून ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात, हे मला ठाऊक होतं. तरी वाटेत वाटत राहिलं, गाठेन. छावणीपलीकडच्या त्या लहानशा कबरस्तानात पोचले तेव्हा ओली माती थापून झाली होती आणि आजारपणासाठी मुंबईहून आलेला मास्तरांचा मुलगा फाटकाशी हात धूत होता.

दीड महिना झाला त्याला. मृत्यूनंतर माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे, आणि मास्तरांबद्दल चारशे लिहिता येतील. पण मी आज बसले आहे ती एका चोरीची कबुली द्यायला. ती याच पुरवणीत द्यायला हवी, कारण चोरी मी इथंच केली होती.

मास्तर मूळचे कोकणातल्या खाडीकाठच्या एका खेड्यातले, बेने इस्राएल, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, इकडच्या उर्दू शाळा मराठी झाल्या, शिकवायला माणसं मिळेनात, तेव्हा मुंबईकडून जे मास्तर आले त्यांतले हे एक. गल्लीला काही केल्या त्यांचा उलगडा होईना. मुसलमान म्हणावं तर शुक्रवारी मशिदीत दिसत नाहीत, हिंदू म्हणावं तर घरात देव्हारा नाही, आणि दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली. जाता-येता तिला बोट लावायचं आणि ते बोट ओठांना टेकवायचं. मी देवगाव रंगारीहून शहरात आले, त्यांच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा माझे वडील मला म्हणाले, "माणूस चांगला दिसतो, पण शनिवारी चूल पेटवत नाय म्हणतात. तू जेवायला जाऊ नको, उपाशी राहशील." उपाशी कसली राहते. रिबकामावशी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, शुक्रवारीच इतकं रांधून ठेवत की रविवारपर्यंत पुरे.

या माणसाला शिकण्याचा नाद होता. नाद म्हणजे अगदी दारूसारखा. चाळिशीत शेजारच्या करीमचाचांकडून उर्दू शिकले. करीमचाचा पुस्तकं बांधायचे. पन्नाशीत शाळेच्या शिपायाकडून सुतारकाम शिकले आणि स्वतःच्या हातानं एक टेबल केलं, जे शेवटपर्यंत डुगडुगलं. माझे वडील एकदा मला भेटायला आले, तर त्यांना पाऊण तास धरून कपाशीवरच्या किडीबद्दल विचारत होते. वडील जाताना म्हणाले, "लई डोकं खाल्लं गड्यानं. पण ऐकतो बरं." आणि यातली कुठलीही गोष्ट मास्तर पुढं कुणाला सांगत, ती नाव घेऊनच. "करीमचाचा म्हणतात", "शिपाईमामा म्हणतात", "देवगावचे कुसुमबाईंचे वडील म्हणतात". कोकणातल्या दाऊद हझानांचं, म्हणजे ज्यांनी त्यांना लहानपणी प्रार्थना आणि पाठ शिकवले त्यांचं, नाव तर दिवसातून दहादा. मी चेष्टा करायची, "मास्तर, तुमचं स्वतःचं काही हाय का नाय?" ते हसायचे. म्हणायचे, "सापडलं की सांगतो."

त्यांच्यात आठवड्याला एक पाठ नेमलेला असतो, वर्षात पोथी पुरी होते, आणि पुरी झाली की त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शिकणं संपलं असं म्हणायची सोयच नाही. आणि तो वाचायचा दोघांनी, समोरासमोर बसून, भांडत. इथं त्यांच्याशी भांडायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं, मुलं मुंबईला. म्हणून शनिवारी दुपारी मी. ते पाठ म्हणायचे, मराठीत अर्थ सांगायचे आणि वाट पाहायचे. पहिल्या शनिवारी मी मान डोलावत ऐकलं, तर म्हणाले, "ऐकून घ्यायला नाही बोलावलं, कुसुमबाई. भांडा. एकट्यानं वाचलं की आपणच जिंकतो." मग मी जी भांडले ती तीस वर्षं भांडले! त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर आरसा होता. भांडताना माझं तोंड मला समोर दिसायचं, आणि ते फारसं बघण्यासारखं नसायचं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. पाणी प्यायला उठायचं झालं तरी ते पोथी मिटून उठत. मी म्हटलं, "आत्ताच तर येणार आहात." तर म्हणाले, "उघडी ठेवली की दुसरं कुणी वाचत बसतं." "कोण?" त्यावर मास्तर पाणी प्यायला निघून गेले. त्या दोन मिनिटांत मी मिटलेल्या पोथीकडं पाहत राहिले, हात लावायची छाती झाली नाही. मी भित्री नाही, देवगावच्या रानात एकटी हिंडलेली आहे. पण ती भरदुपार मला अजून आठवते.

अशाच एका शनिवारी मी विचारलं, दर वाक्याला दाऊद हझानांचं नाव कशाला, ते जाऊन तर पंचवीस वर्षं झाली. मास्तर म्हणाले, "म्हणूनच. गेलेल्याची शिकवण त्याचं नाव घेऊन सांगितली, तर कबरीत त्याचे ओठ हलतात. तेवढंच बोलणं उरलेलं असतं त्यांना."

"आणि नाव न घेता सांगितली तर?"

"तर तो ऐकतो," मास्तर म्हणाले. "ओठ हलवता येत नाहीत, एवढंच."

मग एका वर्षी त्यांना त्यांचं स्वतःचं सापडलं. पाठात कुठंसं मुलानं बापाला विचारण्याची गोष्ट होती. मास्तरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मुलानं विचारलं की आधी खाली बसावं, मग बोलावं. उभ्या माणसाचं उत्तर हुकूम होतं." मी म्हटलं, हे कुणाचं? ते लाजले. साठीला आलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला. "हे... माझंच असावं," म्हणाले.

दोन महिन्यांनी या पुरवणीनं शिक्षकांकडून लेख मागवले. मी लिहिला आणि तेच वाक्य शेवटी टाकलं, नावाशिवाय. का? लाज वाटते सांगायला. लेख त्याशिवाय फिका वाटत होता, आणि नाव घातलं असतं तर लेख त्यांचा झाला असता. मला तो माझा हवा होता, बस्स. पुढं काय झालं ते तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. ते वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगलं. लासूर स्टेशनला, कन्नडला, माझ्या देवगावातही, आणि खाली माझं नाव. माझे सत्कार झाले. मास्तरांनी लेख वाचला होता. शनिवारी मी घाबरत गेले, तर म्हणाले, "छान लिहिलंय. बसा." आणि पुढच्या आठवड्यात शाळेत, सगळ्यांच्या देखत, नव्या शिक्षकाला समजावताना म्हणाले, "कुसुमबाई म्हणतात, मुलानं विचारलं की आधी खाली बसावं." स्वतःचं एकुलतं एक वाक्य, माझ्या नावानं! मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. टोमणा नव्हता. विसरले होते की काय, की ज्याच्या नावानं छापून आलं त्याचं नाव घ्यायचं हा नियम पाळत होते, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

त्याच दिवसापासून हे सुरू झालं. कुणी माझ्यासमोर "कुसुमबाई म्हणतात" असं म्हटलं, की माझे ओठ आपोआप हलायला लागतात, आवाज नसतो. पहिल्यांदा आमच्या ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "काय पुटपुटायलीस?" डॉक्टर म्हणाले, शिरेचा दोष आहे. मी व्हय म्हटलं आणि गोळ्या घेतल्या. पण जिवंतपणी आपले ओठ कुणीतरी हलवतंय, हे काय असतं ते मला विचारा. मला वाटायचं, मी चुकून कबरीतल्या माणसांच्या जागी जाऊन पडले आहे.

शेवटचे तीन महिने मास्तरांची वाचा गेली. उजवं अंगही गेलं. मी शनिवारी जायची, पोथी त्यांच्या पुढ्यात उघडून मराठी पाठ वाचायची. शेवटच्या शनिवारी ठरवूनच गेले होते, आज सांगायचं. समोर बसले, आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र लख्ख. ऐकत होते. मला त्यांचंच बोलणं आठवलं, 'तो ऐकतो, ओठ हलवता येत नाहीत, एवढंच'... मी मेथीच्या भावाबद्दल बोलले. हो, मेथीच्या! त्यांनी डाव्या हातानं पोथी मिटली. दोन दिवसांनी मी कन्नडला निघून गेले.

सात दिवसांचं सुतक सरल्यावर पहिल्या शनिवारी त्यांच्या घरी गेले. आरशावर पांढरं कापड होतं. सुतकात झाकतात, ते काढायचं राहून गेलं होतं. रिबकामावशी म्हणाल्या, "कुसुम, तुला एक सांगायचं राहिलं. जाताना त्यांना वाचा आली गं. एकदाच. अगदी स्वच्छ बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, कुसुमबाई म्हणतात, मुलानं विचारलं की आधी खाली बसावं. पुढचं राहिलं. नऊ वाजले होते."

मी रडले, मोठ्यानं रडले. मावशींना सगळं सांगितलं.  त्या उठल्या, आरशावरचं कापड काढलं, घडी केली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी माझ्या खुर्चीत बसले. समोर डुगडुगतं टेबल, मिटलेली पोथी, रिकामी खुर्ची आणि तिच्यामागं आरशात मी. मोठ्यानं म्हटलं, "हसकेल मास्तर म्हणतात, मुलानं विचारलं की आधी खाली बसावं, मग बोलावं. उभ्या माणसाचं उत्तर हुकूम होतं." मग आरशात पाहत राहिले, बराच वेळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वाक्यानंतर माझे ओठ गप्प होते.

देवगावच्या शाळेची भिंत मी स्वतः उभी राहून मास्तरांच्या नावानं रंगवून घेतली. बाकीच्या भिंती मला या वयात होणार नाहीत. म्हणून हे लिहिलं. ते वाक्य कुणाला सांगाल तर मास्तरांचं नाव घेऊन सांगा, आणि नाव घ्यायला विसरलात, तरी ऐकत ते असतातच.