कवानाना

बिघडलेली वस्तू समोर आली की दुरुस्त करणारा माणूस आधी विचारतो, "काय झालंय?" नाना असं कधीच विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवून ते वस्तूकडे नाही, तिच्या मालकाकडे बघत आणि विचारत, "कवा?" मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर शाळेतला संगणक, प्रश्न तोच. कवा बंद पडला? कवापासून? शेवटचा नीट कवा चालला? मालक गोंधळून म्हणे, "नाना, त्याचं काही खरं नाही, कधीही बंद पडतो." यावर नाना दुखावल्यासारखे दिसत. "कवा पन असा काय नसतो," ते म्हणत. "आपल्याला ठाव नाय, त्यालाच आपन कवा पन बोलतो."

आमच्या शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव कवानाना पाडलं होतं आणि त्यांना ते आवडतही होतं. नाना नायगावच्या खाडीकाठचे. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून आमच्या शाळेच्या संगणकखोलीची देखभाल त्यांनी हौसेने अंगावर घेतली. मी त्या शाळेत मराठी शिकवते. संगणकातलं मला कळतं ते एवढंच, की चालत नसेल तर बंद करून पुन्हा सुरू करावा. नानांना हा उपाय अजिबात मान्य नव्हता. "झोपलेल्याला हलवून उठवला म्हंजे त्याचा ताप उतरला काय?" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं.

तेव्हा खिडकीजवळचा एक संगणक मधेच हँग व्हायचा. नानांनी पेचकस बाहेरसुद्धा काढला नाही. मागच्या बाकावर बसून ते दिवसभर एकेक वर्ग येताना-जाताना बघत राहिले, जणू त्यांनाच परीक्षेला बसायचं होतं. शेवटी आठवीचा तास आला, एक उंच मुलगी त्या संगणकापुढे बसली आणि थोड्या वेळात पडदा थिजला. नाना उठले, वाकून बाकाखाली बघितलं आणि हसले. कंटाळा आला की ती मुलगी पाय हलवायची आणि तिचा गुडघा खालच्या सैल वायरला लागायचा. नानांनी वायर बांधून टाकली, मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्या संगणकाच्या सरांना मात्र जाता जाता म्हणाले, "वायर मी बांधली. कंटाळ्याचा आता तुमी बघा."

हे कवाचं वेड त्यांच्या घरातलंच होतं. त्यांचे वडील मिठागरावर काम करायचे. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, बांधाचं दार लावायचं, उन्हात पाणी आटू द्यायचं. घाई केली तर चिखल, उशीर केला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. "मीठ काय मानूस बनवत नाय," नाना सांगत. "दार कवा उघडाचा नि कवा लावाचा, तेवढाच मानसाच्या हातात." हे सांगताना त्यांची नजर समोरच्या माणसावरून उडून कुठेतरी लांब जायची. त्यांच्या घरासमोरच्या मिठागरावर आता उंच उंच इमारती उभ्या आहेत. त्याबद्दल ते तक्रार करत नसत. एकदाच म्हणाले होते, की हल्ली भरती कधी येते ते घरात बसून कळत नाही, याची चुटपुट लागते.

यंत्रांपुरतं हे ठीक होतं, पण नाना माणसांनाही सोडत नसत. शिक्षकखोलीत कोणाचं कोणाशी बिनसलं की हे मधे जाऊन बसणार आणि विचारणार, "भांडन कवा सुरू झाला?" दोघं जण आठवायला लागत, तारखा जुळेनात, मग आपोआप हसायला येई. त्यांच्या बायकोला, म्हणजे नानींना, याचा भारी वैताग होता. "मी चक्कर येऊन पडले तरी ह्ये आदी कवा इचारतील, मंग पानी देतील," असं त्या आमच्यासमोरच म्हणायच्या. नाना मान डोलवून कबूलही करायचे.

माझा लॅपटॉप हँग व्हायला लागला तेव्हा मात्र मला हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. तो नावाला माझा होता, खरा आईचा होता. आईला बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नाही. कानातल्या यंत्राने तिला नुसता गोंगाट ऐकू येतो, म्हणून ती ओठांवरून बोलणं वाचते. घरात, वाडीत, चर्चमध्ये तिचं सगळं त्यावर चालतं. माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात. फोनवरचा त्याचा आवाज आईच्या काहीच कामाचा नाही आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर, तिच्या अधू डोळ्यांना, त्याचे ओठ दिसत नाहीत. लॅपटॉपवर त्याचं तोंड मोठं दिसतं. रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, आटोपून आली की ती त्याच्यासमोर बसायची आणि दोघं आमच्या घरच्या बोलीत गप्पा मारायची. आईचा मुलगा तेवढ्याच वाटेने घरी यायचा.

ती वाटच मधे बंद पडायला लागली. भावाचं तोंड अर्धवट उघडं राही आणि पडदा थिजून जाई. मला कळायचं की यंत्र अडकलंय. आई मात्र वाट बघत राही, आता ओठ हलतील, आता हलतील. एका रविवारी तिने त्याला विचारलं, "कधी येशील?" आणि नेमका तेव्हाच त्याचा चेहरा थिजला. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ती उठून स्वयंपाकघरात गेली होती. त्यानंतर तिने तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. "त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तोंड उघडलं, पण शब्द नाही आला," असं ती म्हणाली. मी खूप समजावलं, पण तिने जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्यापुढे माझं समजावणं तोकडं होतं. मला त्या लॅपटॉपचा इतका राग आला की तो वाडीतल्या तळ्यात, बावखलात, भिरकावून द्यावासा वाटला.

दोन दुकानं झाली. एकाने आतलं सगळं पुसून नव्याने भरलं, दुसऱ्याने एक भाग बदलला. दुकानात तो शहाण्या मुलासारखा दिवसभर चालायचा. घरी माझ्या प्रश्नपत्रिका करतानाही सहसा त्रास द्यायचा नाही, फक्त कधीतरी सोमवारी अडायचा. रविवारी मात्र हमखास रुसायचा. भाऊ म्हणाला, नवीन घे. मी नानांना सांगितलं, "कधीही बंद पडतो."

"पहिल्यांदा कवा?"

मला आठवावं लागलं. मग आठवलं, की भावाच्या बाळाचा बाप्तिस्मा आम्ही लॅपटॉपवर पाहिला, त्या दिवशी. नाना चष्म्याखालून माझ्याकडे बघत राहिले. "रविवारी येतो," एवढंच म्हणाले.

आले ते मिस्सा सुटायच्या आधीच, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आई परकं माणूस घरात आलं की चर्चमधल्या वाचनासारखी मराठी बोलते. "नाना, आपण आसनावर बसावं. आपण चहा घ्याल ना?" नाना बिचारे आखडून बसले. त्यांनी लॅपटॉपकडे ढुंकून पाहिलं नाही, आईकडेच लक्ष ठेवलं. आईने हात धुतले, पदराला पुसले, कपाटातून पांढरी शाल काढली, तिच्या चार घड्या घातल्या, ती टेबलावर अंथरली आणि तिच्यावर लॅपटॉप अलगद ठेवला. मी हे दर रविवारी बघत होते, म्हणजे खरं तर बघत नव्हते.

ती शाल आईने क्रोशाने विणली होती, नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी, जाड सुताची, भरगच्च. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे विणकाम लांबलं, शाल पुरी झाली ती बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री, आणि तिकडे बाप्तिस्मा शालीशिवायच झाला. पोस्टाने पाठवायला आई तयार नव्हती. बाळाला आपल्या हातांनी पांघरायची, असं तिने ठरवलं होतं. ते होईपर्यंत निदान पडद्यातलं बाळ तरी शालीवर बसावं, एवढीच तिची इच्छा, म्हणून बाप्तिस्म्याच्या दिवशीच तिने ती पहिल्यांदा अंथरली. एकदा अंथरलेली शाल उचलायची तिला घाई नसे, सोमवारपर्यंत ती तशीच राही.

बोलणं सुरू झालं. बाळ दिसलं, आई हसली. थोड्या वेळाने लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला आणि भाऊ तोंड उघडं ठेवून थिजला. नाना उठले, लॅपटॉपच्या कडेला तळहात धरला, खाली बोट घालून चाचपलं. मग मला खूण करून दाराबाहेर पडवीत घेऊन गेले. उघड्या दारातून समोर आई टेबलाशीच बसलेली दिसत होती, म्हणून ते अगदी हळू बोलले.

"खालचे रबरी पाय कवाचे गळून पडलेत त्याचे. हवा खालून घेतो तो. शालीनं दम कोंडतो, बाकी काय नाय."

मी लगेच आत वळले. शाल बाजूला करायची, संपलं. नानांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तुजे आयला बोलू नको. पोर बसतंय त्या शालीवर. काढलीस, त बसलेल्या पोराला उठवल्यासारखा होईल."

पुढच्या रविवारी ते लाकडी पट्ट्यांची एक बैठक घेऊन आले, खाली चार उंच ठोकळे, पट्ट्यांमधे बोटभर फटी. शाल टेबलावर होती तशीच राहू दिली, तिच्यावर ठोकळे टेकवले, त्यावर लॅपटॉप. आईसमोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करत, ते म्हणाले, "ताई, मशीन उंच केला. पोराचा तोंड तुमच्या डोल्यासमोर येल." हे काही खोटं नव्हतं. भावाचा चेहरा खरंच तिच्या डोळ्यांच्या रेषेत आला.

त्या दिवशी लॅपटॉप अडला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग एका रविवारी आईने तो गिळून टाकलेला प्रश्न पुन्हा विचारला. भाऊ जरा थांबला. मी पंख्याचा आवाज ऐकू लागले. पण तो थिजला नव्हता, विचार करत होता. "आई, रजेचं काही जमत नाहीये. कधी येईन ते खरंच माहीत नाही गं." आईने मान हलवली. उत्तर काही सुखाचं नव्हतं. पण संध्याकाळी भाजी निवडताना ती मला म्हणाली, "सांगितलं त्याने." तिचा चेहरा इतका निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. नानांचे मला तेव्हा पाय धरावेसे वाटले. ते धरू देणार नव्हते हा भाग वेगळा.

त्यानंतर नाना अधूनमधून रविवारी येत राहिले. लॅपटॉप बघायला येतो म्हणत, पण येत ते आईच्या हातच्या चहाला. आई आसनावर बसवी, नाना आखडून बसत, आणि भाऊ पडद्यावरून दोघांशी बोले. भाऊ यायचा होता तो अजून आलेला नाही.

यंदा नाना गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथेच संपलं. डॉक्टरांनी नानींना विचारलं, कधीपासून दुखत होतं? नानींना सांगता येईना. जगाला कवा विचारणाऱ्या माणसाने स्वतःचं कवा घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला.

दिवसकार्य झाल्यावर मी आईला घेऊन नायगावला गेले. ओटीवर घरचे, शेजारचे बसले होते. नानी भिंतीला टेकून, कोणाशीच बोलत नव्हत्या. नाना गेले त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, असं सुनेने सांगितलं. एका स्टुलावर नानांचा फोटो होता, चष्मा कपाळावर चढवलेला. आईने पिशवीतून क्रोशाचा छोटा पांढरा रुमाल काढला. या दिवसांत ती काय विणत होती ते मला तेव्हा समजलं. तिने फोटो उचलला, स्टुलावर रुमाल अंथरला, कोपरे सरळ केले आणि फोटो पुन्हा ठेवला.

"यांना काही खालून हवा लागत नाही," ती म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. पडवीत तुम्ही दोघं हळू बोलत होता. हळू बोलल्याने ओठ थोडेच लपतात?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"माझ्या बाळाला उठवू नये म्हणून त्यांनी एवढं केलं. आणि मी त्यांना सांगू, की मला सगळं ठाऊक आहे?" आईचे डोळे भरून आले. तिने रुमालाचा सरळच असलेला कोपरा पुन्हा सरळ केला.

भिंतीपाशी हालचाल झाली. नानी टेकण सोडून पुढे सरकल्या होत्या. त्यांनी आईचा हात धरला, तिला आपल्याकडे वळवलं आणि विचारलं,

"कवा?"

आईने त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं, खाली चटईवर त्यांच्याजवळ बसली आणि बाप्तिस्म्याच्या दिवसापासून सगळं सांगायला लागली.