ज्योतीरामचा कुलूपबंद फोटो

ज्योतीराम चाकणला कामाला लागला त्या दिवशी त्याला तीन गोष्टी फुकट मिळाल्या: निळा शर्ट, सेफ्टी शूज आणि ईमेल. शर्ट ढगळ होता, बूट चावत होते. ईमेलबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती, कारण तो त्याने कधी उघडूनच पाहिला नव्हता.

या पट्ट्यात कंत्राटी माणूस आपला ईमेल आपण काढत नाही. ठेकेदाराच्या ऑफिसातला पिंटू काढतो. पिंटू तिथल्याच जुन्या गावातला. कंपनी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्याच्या चुलत्याची होती, त्यामुळे त्याच्या आवाजात मालकी आणि वागण्यात जिव्हाळा, दोन्ही भरपूर. पीएफला ईमेल लागतो, पगाराची स्लिप ईमेलवर येते. पण कामगारांचे मोबाइल तर शिफ्टभर गेटवरच्या खणात पडलेले. मग ओटीपी आला तर बघणार कोण? पिंटूने तोडगा काढला. सगळ्यांच्या ईमेलला नंबर त्याचा स्वतःचा आणि पासवर्ड सगळ्यांना एकच, ठेकेदाराचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. "तुमाला लायनीवरनं पळत यायला नगं," तो म्हणायचा. माणसं त्याला दुवा द्यायची. ओटीपी आला की पिंटू स्वतःच सगळं भरून टाकायचा आणि वर चहाही पाजायचा. आपल्या घराच्या किल्ल्या आपण दुसऱ्याच्या कमरेला बांधल्यात, हे कुणाच्या ध्यानात यावं कसं?

ज्योतीराम मूळचा परभणीकडचा, चाळिशी ओलांडलेला, तळवड्यात भाड्याच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहणारा. काम पॉवर प्रेसवर सेटरचं, म्हणजे मशीनला डाय, पत्रा कापायचा साचा, बसवून पहिला नग काढून द्यायचा. पहिल्या नगाचा फोटो क्वालिटीच्या ग्रुपवर टाकावा लागतो, म्हणून सेटरला तेवढा मोबाइल आत नेता येई. स्वभावाने इतका जपून वागणारा की कधी दुधाने तोंड पोळलं नसतानाही ताक फुंकून प्यायचा. खोलीला कुलूप लावून जिन्यापर्यंत गेला की परत येऊन ते ओढून बघायचा. बायको हसायची. अशा माणसाचं निदान कुलपाच्या बाबतीत तरी भलं व्हायला हवं होतं.

प्रेसवर पूनम नावाची पोर काम करायची. लग्न ठरलेली, बडबडी, ज्योतीरामला दादा म्हणणारी. एका सकाळी तिची दोन बोटं डायखाली गेली. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या प्रेसला होता, पण तो सारखा मशीन थांबवतो आणि माल कमी निघतो म्हणून कुणीतरी वायर जोडून त्याला आंधळा करून ठेवलेला. आरडाओरडा झाला, पूनमला उचलून नेलं, सगळे तिच्यामागे धावले. ज्योतीराम मात्र मशीनजवळ राहिला. त्याने वायरीचा फोटो काढला. का काढला, ते त्याला सांगता आलं नसतं. दुपारी तो जेवून मशीनकडे परत आला तेव्हा वायर गेलेली होती, सेन्सर डोळे मिचकावत होता, आणि कागदावर लिहून झालं होतं: कामगाराचे दुर्लक्ष.

पूनम दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला म्हणाली, "दादा, बोटं तर गेलीच. पण माझ्या चुकीनं गेली असं लिवलंय त्यांनी. सासरकडचे इचारतात, झोपली व्हतीस का म्हणून. तेवढं खोडायला लावा. मला दुसरं काई नको."

"माझ्याकडं फोटो हाय," ज्योतीराम हळूच म्हणाला. "सरकारचे साहेब लोक चौकशीला येणार हायत. दाखवतो."

तिने डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला. त्याक्षणी ज्योतीरामला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

भीतीला कारण होतं. अपघातानंतर पिंटू गेटवर उभा राहून सेटर लोकांचे मोबाइल बघायला लागला. "गॅलरी दावा, दादा. वरनं ऑर्डर हाय, आमी काय करणार?" हे कानावर आल्यावर पहिल्या दिवशी ज्योतीराम पोटात दुखतंय सांगून घरीच थांबला. फोटो पूनमला पाठवावा, तर तिचा मोबाइल गेटच्या खणातून काढून दवाखान्यात नेला तो पिंटूनेच, आणि त्याचं लॉकही त्याला ठाऊक. घरात दुसरा मोबाइल नव्हता. आपल्या ईमेलवर ठेवावा, तर तो कुणाच्या हातात आहे याचा आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

घरमालकाची मुलगी नेहा जवळच्याच आयटी पार्कात नोकरीला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, साधा मेल नकोच. एक असा मेल असतो की त्यातलं सगळं कुलूपबंद असतं. मेल चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा आतलं वाचता येत नाही. किल्ली फक्त तुमच्या पासवर्डात. मी फोटो माझ्याकडे ठेवू का?"

"नको ताई," ज्योतीराम म्हणाला. परक्याच्या पोरीला यात कशाला ओढायचं, हा त्याचा विचार. विचार चांगला होता आणि त्यानेच पुढे त्याला बुडवलं.

नेहाची कॅब खाली हॉर्न देत होती. तिने ॲप टाकून दिलं आणि पुढचं त्याच्यावर सोपवून पळाली. पासवर्ड कुणाला न सुचेल असा घ्या, एवढं बजावून गेली. ज्योतीरामने एक घातला, तो नाकारला गेला. त्यात आकडा हवा. दुसरा घातला, मोठं अक्षर हवं. तिसऱ्याला चिन्ह हवं. मुलीच्या सोयरिकीतसुद्धा एवढे नकार पचवावे लागत नाहीत. शेवटी कुठलातरी पसंत पडला. मग इंग्रजी शब्दांची रांग आली, पासवर्ड विसरलात तर हीच दुसरी किल्ली, जपून ठेवा असं खाली लिहिलेलं. पण शेजारी 'नंतर करा' असंही होतं, तिथे त्याने बोट टेकवलं. मग विचारलं, अडचण आली तर कळवायला दुसरा ईमेल द्या. त्याला ठाऊक असलेला ईमेल जगात एकच होता. नुसतं कळवायलाच तर हवाय, असं म्हणून तो त्याने दिला.

फोटो स्वतःलाच पाठवला. मोबाइलमधून पुसला. पुसलेल्यांच्या डब्यातूनही पुसला. आणि दुसऱ्या दिवशी गेटच्या अलीकडे, पिंटूला नवं चित्र दिसायला नको म्हणून, ते ॲपही काढून टाकलं. पिंटूने मोबाइल चाळला, पाठीवर थाप मारली. ज्योतीराम छाती काढून आत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणालातरी चकवलं होतं.

चौकशीची तारीख लागली. आदल्या दिवशी सुट्टीच होती. त्याने ॲप पुन्हा टाकलं आणि पासवर्ड मारला. चुकीचा. नाकारलेल्यांपैकी कुठला आणि पसंत पडलेला कुठला, सगळ्यांची डोक्यात खिचडी झालेली. एकेक मारून पाहिला, शेवटी ॲपने दारच लावून घेतलं. खाली ओळ होती, पासवर्ड विसरलात का? घाबरलेल्या माणसाने तीच दाबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्क्रीनवर आलं: तुमच्या दुसऱ्या ईमेलवर लिंक पाठवली आहे.

आणि तो ईमेल उघडायचा पिंटू.

नेहा कंपनीच्या कामासाठी बंगळुरूला. तिने फोनवरून मदत केंद्राचा पत्ता सांगितला. तिथे आधी एक यंत्र बोललं, त्याला ज्योतीरामचा त्रास ऐकून फार वाईट वाटलं. मग दुसरं बोललं, त्यालाही वाटलं. त्याने मराठीत लिहिलं, इंग्रजीत उत्तर आलं. मुलीकडून इंग्रजीत लिहून घेतलं, तर तिकडून विचारणा, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? दूर कुठेतरी बसून उंटावरून शेळ्या हाकणारी ही माणसं, माणसंच असतील तर. ती लिंक परत घ्या हो, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे बटण नव्हतं.

सकाळी पिंटूने त्याला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. "नवा मेल काढला व्हय, दादा? आमाला सांगायचं की राव, आमीच काढून दिला असता." त्याच्या कॉम्प्युटरवर तो कुलूपबंद डबा उघडा होता. "लिंक आली व्हती, म्हणलं दादांचं काम अडाय नगं. नवा पासवर्ड टाकून दिलाय. आपला न्हेमीचाच, एक-दोन-तीन."

डब्यात एकच मेल होता, ज्योतीरामचा ज्योतीरामला. पिंटूने त्यावर क्लिक केलं. आत नुसती अक्षरांची राख. वर एक ओळ: हा संदेश जुन्या किल्लीने बंद केलेला आहे, तो आता उघडता येणार नाही.

"काय व्हतं यात?" पिंटूने डोळे वर न करता विचारलं.

"पोरीचे फोटो."

"आरारा," पिंटू म्हणाला, आणि चहा त्याच्याकडे सरकवला. नेहाचा शब्द खरा निघाला होता. आतलं कुणालाच वाचता आलं नाही. मदत केंद्राचं शेवटचं उत्तरही त्याच दुपारी आलं, घरी गेल्यावर मुलीने ते वाचून दाखवलं: आम्ही आपले संदेश वाचू शकत नाही, तेच आमचं वचन आहे, आपली गोपनीयता आमच्याकडे सुरक्षित आहे. ज्योतीरामने मोबाइल भिंतीवर आपटायला उचलला आणि परत खाली ठेवला.

पण त्याआधी चौकशी होऊन गेली होती. आणि ज्योतीराम बोलला, हे त्याच्या नावावर लिहून ठेवायला हवं. मॅनेजर शेजारी, पिंटू दारात, तरी तो म्हणाला, "साहेब, सेन्सरला वायर जोडलेली व्हती. म्या डोळ्यांनी पाहिलीय. फोटो काढला व्हता."

"दाखवा."

"उघडत नाही, साहेब."

साहेबांनी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. असं पाहायची त्यांना सवय असावी. मग त्यांनी लिहिलं की साक्षीदार फोटो असल्याचे सांगतो, परंतु सादर करू शकला नाही. ज्योतीरामने त्याखाली सही केली. खोटं त्यात एक अक्षरही नव्हतं. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने त्याला सेटरच्या कामावरून काढून गोदामात टाकलं.

पूनम गावी जायच्या आधी तळवड्याला भेटायला आली. हात ओढणीखाली झाकलेला. लग्न मोडलं होतं, ते तिने सांगितलं नाही, बरोबर आलेल्या तिच्या आईने सांगितलं. ज्योतीरामच्या बायकोने पोहे केले. पूनम पूर्वीसारखी बडबडली नाही. निघताना चपला घालता घालता थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, रागावू नका. वायर खरंच व्हती ना हो? का माझाच डोळा लागला व्हता?"

"व्हती गं बाई," ज्योतीराम म्हणाला. "म्या पाहिली ना."

तिने मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, मोठ्या माणसाचा मान राखावा तशी. ती जिना उतरून गेली. ज्योतीराम दारात उभा राहिला आणि वायर डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करू लागला. ती लाल होती की पिवळी, हे त्याला काही केल्या आठवेना.