सिलिंडरवरची तारीख

ढोरे बाई रायफलला नेलपॉलिश लावायच्या. मोताळ्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आमची नेमबाजीची रेंज. तिथं एअर रायफल एकच आणि नेमबाज नऊ. ज्याच्या त्याच्या अंगमापाप्रमाणे खांद्याला टेकवायचा दस्ता मागेपुढे करावा लागे, म्हणून प्रत्येकाच्या मापावर वेगळ्या रंगाचा ठिपका. माझा गुलाबी.

"काऊन बाई, मलेच हा रंग?" मी भडकून विचारलं.

"लाल रंग शाळेच्या मास्तरनं घेतला. तुले रंग पाहिजे का नेम पाहिजे?"

शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर बाईंनी ही रेंज काढली. नववीत मी शाळा सोडली तेव्हा माझा दाखला त्यांनीच लिहिला होता, म्हणून चाळिशी ओलांडली तरी त्यांच्यासाठी मी गजाच. नेमबाजीचं जाड जॅकेट त्यांनी गावच्या शिंप्याकडून कॅनव्हासचं शिवून घेतलं होतं. त्या म्हणत, "महाग हाय म्हणून खेळ नाही सोडाचा. महागाचं सोडाचं."

मी ट्रॅक्टरचे जुने भाग विकतो. भाव पाडण्यात मला कोणी हरवत नाही. रायफलचं हवेचं सिलिंडर गळायला लागलं, नवं परवडेना, तेव्हा मी बाहेरगावाहून एक जुनं मिळवलं. त्यावर कोरलेली वापराची मुदत केव्हाच संपली होती. ते मला माहीत होतं. त्या तारखेवर बोट ठेवूनच मी भाव पाडला होता. घरी येऊन तारखेवर काळा रंग मारला.

रविवारी सकाळी सगळे भोवती उभे असताना बाई स्वतःच त्यात पंपानं हवा भरू लागल्या. नजर अधू झालेली, म्हणून दाबाचा काटा बघायला दर वेळी वाकायच्या. तोंड सिलिंडरपासून वीतभर. काटा चढत गेला. सिलिंडरमधून टक् असा बारीक आवाज आला.

"बाई, थांबा! दूर व्हा!"

त्यांनी सावकाश हवा सोडली. मग नखानं रंग खरवडला आणि तारीख वाचली.

"तुले मालूम होतं?"

"नाही."

मी भांडणाच्या तयारीत होतो. त्या सगळ्यांना म्हणाल्या, "गजा ओरडला म्हणून मी बचावली." आणि मला, "याले भोक पाड. नाहीतर तू हे पुन्हा कोणाले इकशीन, अन् कोणाच्या तरी तोंडावर फुटीन."

माझ्याच दुकानात, माझ्याच ड्रिलनं मी त्याला भोक पाडलं. त्याचा राग अजून आहे. त्याहून मोठा राग हा, की बाई भांडल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्याऐवजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, यानं मले वाचवलं. दर वेळी मी तिथून उठून जायचो.

शेवटच्या आजारात त्यांना भेटायला गेलो. सूनबाईलाही त्यांनी तेच सांगितलं. ती चहा करायला उठली तेव्हा मी म्हणालो, "बाई, ती तारीख मले..."

"मालूम होती. तुले खोटं बोलता येत नाही बे, भावच करता येते."

"मग सगळ्यायले तसं काऊन सांगत राह्यल्या?"

"सगळे बेफिकीर उभे होते. भेव एकट्या तुले वाटलं. ते भेव जपजो."

आठवडाभरात बाई गेल्या. रेंज चालू आहे. हवा भरायचं काम आता माझं. आधी वर्गणीतून घेतलेल्या नव्या सिलिंडरवरची तारीख मोठ्यानं वाचतो, मग सगळ्यांना दाराबाहेर काढतो, आणि मगच पंपाला हात लावतो.