अक्काची लाल घोडी

धुळ्यात मी आता वरातीच्या घोड्यांना नाल ठोकतो. डांबरावर चालणारी जनावरं, खूर कोरडे, काम झटपट आटोपतं. तरी झड लागली की मन सातपुड्याच्या पायथ्याला जातं, अक्काच्या घोडीकडे.

मी तेव्हा यावलला राहायचो. अक्का एकटी बाई, मुलगी सासरी गेलेली. घोडीवर मीठ-तेल लादून वरच्या पाड्यांवर विकायची. घोडीच्या पुढच्या डाव्या खुराचं दुखणं जुनं. उन्हाळ्यात ती जरा लंगडायची. पावसाळ्यात मात्र चिखलात खूर भिजून मऊ पडायचा, खिळे धरायचे नाहीत आणि नाल चिखलातच राहायचा. मग अक्काचा निरोप यायचा. मोटारसायकल ओढ्याअलीकडे लावून मी पायी जायचो. खूर धुवायचा, गोणपाटानं पुसायचा, राख चोळून सुकू द्यायचा. तोवर अक्का घोडीचं तोंड खांद्यावर घेऊन तिच्याशी बोलत उभी.

एका श्रावणात नाल निघाला तो खुराची कड घेऊनच.

"भाऊ, नको ठोकू आते," अक्का म्हणाली. "तिले दुखस."

"एकदा बघू अक्का," मी म्हणालो. हाताचा गर्व होता. उरलेल्या कडेत खिळा मारला आणि घोडी अंगभर थरथरली. खिळा जिवंत भागात गेला होता. लगेच उपसला, पण चार दिवसांत पू झाला.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हिच्यावर आता ओझं नको." मी उरलेले तिन्ही नाल काढले. महिनाभर रोज जाऊन जखम धुतली. अक्का डोक्यावर पाटी घेऊन जवळच्या पाड्यापुरती फिरू लागली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे मी धुळ्याला आलो. एकदा हिवाळ्यात भेटायला गेलो. घोडी खळ्यात अनवाणी, संथ चालत होती. माझा आवाज ऐकून जवळ आली आणि आपणहून डावा पाय उचलून उभी राहिली. करण्यासारखं काही नव्हतं. मी खूर नुसता हातात धरला.

"बस ना भाऊ," अक्का म्हणाली, "तिले बरं वाटस."

पण मला शेवटची बस गाठायची होती. नंतर घोडी गेली, अक्का मुलीकडे मुक्ताईनगरला राहायला गेली; मला ते फार उशिरा, बाजारात कुणाकडून तरी कळलं. बस चुकली असती तरी चाललं असतं.