मसुदा, हरकती आणि सासूबाई

माझ्या सासूबाईंना प्रत्यक्ष देव भेटला असता, तरी त्यांनी आधी त्याचं हजेरीपत्रक मागितलं असतं. जगात जेवढा म्हणून अन्याय आहे तो कागद नीट न ठेवल्यामुळे होतो, आणि कागद नीट झाले की माणसं आपोआप नीट वागतात, अशी त्यांची श्रद्धा. कामगार खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून त्या मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाल्या, म्हणजे खात्याने त्यांना निवृत्त केलं. त्यांनी खात्याला निवृत्त केलं नाही. आमच्या कर्वेनगरच्या घरात धुणंभांड्याच्या मावशींना पगारी रजा होती, बाळंतपणाची रजा होती (मावशी साठीच्या होत्या), आणि वर्षाअखेरीला त्यांचा गोपनीय अहवाल होता. तो सासूबाई मावशींना मोठ्याने वाचून दाखवत आणि त्यावरचं त्यांचं म्हणणं खाली लिहून घेत. माझाही अहवाल घरात कुठेतरी असणार. मी शोधला नाही, हिंमत झाली नाही.

आता मी कोण, तर खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआर मॅनेजर. म्हणजे सासूबाई आयुष्यभर तुटपुंज्या पगारात मनापासून जे करत आल्या, तेच मी इंग्रजीतून आणि गलेलठ्ठ पगार घेऊन करत होते. मनापासून हा भाग तेवढा गळला होता. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर ‘बी युवरसेल्फ’ असं पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलं होतं. ती कल्पना माझी. त्याबद्दल मिळालेलं काचेचं बक्षीस मी दिवाणखान्यात, आलेल्या पाहुण्याची नजर चुकणार नाही अशा जागी ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर सासूबाई दर मंगळवारी बुधवार पेठेतल्या एका संस्थेत लोकांचे अर्ज भरून द्यायला जाऊ लागल्या. रेशनकार्ड, बँकेचं खातं, मुलांचे शाळेचे दाखले, असली कामं. तिथल्या बायका धंदा करणाऱ्या आहेत हे कळल्यावर दुसरी एखादी बाई घरी येऊन हळहळली असती. सासूबाई आल्या त्या भडकून. एवढा मोठा उद्योग आणि त्याला साप्ताहिक सुट्टी नाही, याचा त्यांना संताप आला होता. त्यांनी कायद्याचं पुस्तक आणलं आणि जेवताना आम्हाला समजावून सांगितलं की बाईने हे काम करणं गुन्हा नाही, पण त्यासाठी जागा चालवणं गुन्हा आहे. "म्हणजे स्वयंपाक करा, पण चूल मांडू नका. कोणी लिहिलाय हा मसुदा?" माझा नवरा ताट उचलून बाल्कनीत गेला. पुढचं वर्षभर तो बहुतेक वेळा तिथेच जेवला.

मग त्यांनी स्वतःच मसुदा लिहायला घेतला. टायपिंग अर्थात सुनेकडे. त्यांच्या योजनेत सहकारी संस्था होती; मालकीण नाही, दलाल नाही, सभासद म्हणजे त्या बायकाच. अठराच्या आतली मुलगी आवारातसुद्धा दिसता कामा नये. दाराची कडी आतून, आणि ती उघडायची की नाही हे सभासद ठरवणार. गिऱ्हाईक नाकारायला कारण द्यायची गरज नाही. पंधरा दिवसांची आजारपणाची रजा. मद्यपान केलेल्या इसमास प्रवेश नाही, व इसमाने येण्यापूर्वी स्नान केलेले असावे. हे सगळं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टाइप करायची, आणि एकदा ते चुकून मजल्यावरच्या सामाईक प्रिंटरला गेलं. धावत पोचले तोवर एक टीम लीड त्यातलं रजेचं पान वाचत उभा होता. म्हणाला, मॅडम, हे आपल्यापेक्षा चांगलं आहे, कुठल्या कंपनीचं? मी म्हटलं, सासूबाईंच्या. त्यानंतर तो लिफ्टमध्येही माझ्याशी फार बोलला नाही.

मसुदा झाला की हरकती व सूचना मागवायच्या, हा सरकारी रिवाज. तीस दिवसांची मुदत घालून सासूबाईंनी तो संस्थेच्या भिंतीवर लावला आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवला. बायका पोट धरून हसल्या म्हणे. आंघोळीच्या कलमाला टाळ्या पडल्या, गणवेशाचं कलम एकमताने उडालं. खरी हरकत घेतली ती महादेवीने. विजापूरकडची, चाळिशी ओलांडलेली, कमी बोलणारी बाई. तिने बोट ठेवलं ते नोंदणीच्या कलमावर. प्रत्येकीचं नाव, फोटो आणि परवाना असं ते कलम. सासूबाईंचं सगळ्यांत लाडकं.

"बाई, बाकी समदं ब्येस लिवलंय," महादेवी म्हणाली. "पण परवाना नको. आज गल्ली सोडली तर मी कुणाचीबी मावशी हुईन. नाव कागदावर चढलं की उद्या पोरीच्या लग्नात तोच कागद म्होरं येतोय. पोलिसांनी सोडावं एवढंच पायजे. धरून ठिवणारा कागद नको."

सासूबाई त्या दिवशी बसमधून दोन थांबे पुढे गेल्या. घरी येऊन त्यांनी ते कलम स्वतःच्या हाताने खोडलं आणि समासात लिहिलं, ‘हरकत मान्य.’ सत्तरीला टेकलेल्या बाईला कुणीतरी सांगितलं की तुमची आयुष्यभराची श्रद्धा अर्धीच खरी आहे, आणि तिने ते ऐकून घेतलं. मी अजून पन्नाशीची नाही, पण मी कुणाचं असं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढे महादेवीला खरंच गल्ली सोडायची वेळ आली. तिची मुलगी सोलापूरच्या वसतिगृहात होती. दहावी झाली की जूनमध्ये तिला वसतिगृह सोडावं लागणार, आणि तिला गल्लीत आणायचं नाही यावर महादेवी ठाम. तिने कात्रजला एक खोली बघून ठेवली होती. घरमालक नोकरीचा कागद मागत होता. नेमकी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनला भाकऱ्या करणारी बाई हवी होती. सासूबाईंनी अर्ज भरून माझ्यापुढे ठेवला. ‘मागील अनुभव’ हा रकाना कोरा होता. म्हणाल्या, खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहिता येत नाही, म्हणून तो कोरा सोडलाय, तू फक्त सही कर. मी म्हटलं, आई, एकवीस वर्षं कोरी कशी दाखवू? तपासणीवाले मलाच विचारतील.

"तुमच्या भिंतीवर काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पॉलिसी आहे. लाज वाटली की मी हा शब्द वापरते.

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक कागद होता. श्रीमती महादेवी यांनी माझ्या घरी दोन वर्षे स्वयंपाकाचे काम केले असून त्या प्रामाणिक व वक्तशीर आहेत. खाली सासूबाईंची सही. साहेबाच्या खोट्या प्रवासभत्त्यावर सही केली नाही म्हणून जिची बढती दोनदा अडली, त्या बाईची सही. एक रकाना कोरा सोडायचं धाडस मला झालं नाही, म्हणून त्यांना ती करावी लागली. मी मुकाट्याने तो कागद फाइलला लावला. महादेवीला नोकरी लागली, आणि जूनमध्ये तिची पोरगी कात्रजच्या खोलीत राहायला आली.

पण सासूबाईंच्या घशाखाली घास उतरेना. आठवडाभराने त्यांनी जाहीर केलं की कागद खोटा आहे, तेव्हा तो खरा करायचा. महादेवीने दर रविवारी सकाळी आमच्याकडे स्वयंपाक करायचा, रीतसर पगार घेऊन, दोन वर्षं. मला वाटलं, आता धरलं यांना. मी विचारलं, तिच्या साप्ताहिक सुट्टीचं काय? "शनिवार पूर्ण मोकळा आहे तिचा. मी बघितलंय." झालं. फ्रिजवर हजेरीपत्रक चिकटलं. महादेवी भाकऱ्या थापायची, सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसून मसुद्यातली कलमं वाचायच्या, आणि दोघी तावातावाने भांडायच्या. भाकरी गरम मिळते म्हणून नवराही बाल्कनीतून आत येऊन बसू लागला. मसुदा मंत्रालयात गेला, त्याची पोच आली, पुढे काही आलं नाही. सासूबाई दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहिल्या.

दीड वर्ष उलटलं आणि माघात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन सासूबाई गेल्या. घरात इतकी शांतता झाली की मला ती सोसेना. कुणीतरी माझी चूक काढावी म्हणून मी मुद्दाम डबे चुकीच्या फळीवर ठेवत होते.

तेराव्यानंतरच्या रविवारी महादेवी नेहमीच्या वेळेला दारात उभी. मी म्हटलं, अहो, आता नाही आलात तरी चालेल. तुमची नोकरी पक्की झाली आहे, तो कागद आता कुणी बघणार नाही. माझ्या आवाजात उपकार होते. ते मला बोलतानाच ऐकू आले.

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या.

"बाईंनी दोन वर्सं लिवलीत," ती म्हणाली. "पाच म्हैने ऱ्हायलेत. त्यांचा कागद मी खोटा पडू दीन व्हय?"

मी दारातून बाजूला झाले.