चिंचेखालची मेलगाडी

“पळा रं! ए कारट्यांनू, उठा! सुरुंग पेटलाय, पळा!”

मुकादम माळाच्या उंचवट्यावरून ओरडत होता. एरवी तो नुसता खाकरला तरी तिकडं दौंडच्या यार्डात इंजिनं दचकून उभी राहायची, असा त्याचा आवाज. पण खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात, एकामागं एक, पुढच्याच्या सदऱ्याचं नाहीतर झग्याचं टोक मुठीत धरून बसलेली पोरं ढिम्म हलेनात. एकानं मान वळवून मुकादमाकडं बघितलं, एकीनं नाक पुसलं, आणि पुन्हा सगळी आपली समोर बघत बसली. रांगेत सगळ्यात शेवटी, गुंडी चघळत बसलेलं पोरगं म्हणजे माझा थोरला, बबन.

मी तेव्हा तिथल्या दुष्काळी कामावर बैलगाडीनं पाण्याचं पिंप ओढायचो. गाडी टाकून धावलो खरा, पण मध्ये एवढा माळ... पुढचं सांगतोच, पण आधी ज्याची ही गोष्ट आहे त्याच्याविषयी सांगायला हवं. माझा मित्र नामदेव गेल्या महिन्यात गेला. दुपारी जेवला, चिंचेखाली बाजेवर आडवा झाला, तो उठला नाही. त्याच्या मुलीनं, मंदानं फोन केला तेव्हा मी शिरूरच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून एका बाईशी भांडत होतो. ऐकलं, आणि ती बाई सांगेल त्या भावानं जुडी घेऊन घरी आलो. मला ओळखणाऱ्यांना यावरूनच कळेल, काय झालं असेल ते.

नामदेव रेल्वेत गँगमन. दौंडच्या अलीकडं-पलीकडं सगळी वर्षं रुळात वावरला. मालगाड्या, मेलगाड्या, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली खडी, पण अंगावर ओरखडा नाही. आणि बहात्तरच्या दुष्काळात रजेवर घरी आला तो स्वतःच्या रानातल्या चिंचेवरून पडला आणि पाय मोडून घेतला. पन्नास फुटांवरून पडला, असं मी सगळ्यांना सांगतो. त्याची बायको हौसावैनी म्हणतात, खालच्या फांदीवरून. त्यांना सगळंच कमी करून सांगायची सवय.

मांडवगण फराट्याच्या अलीकडं आमची वस्ती. त्या साली पाऊस असा रुसला, की बेडकांची पिलं मोठी झाली तरी पोहायला शिकली नव्हती. माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं, ते नामदेवच्या चिंचेवरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. बायका सगळ्या खडी फोडायला. पोरं कुणाकडं ठेवायची? पहिले काही दिवस पोरं कामावरच, उन्हात, दगडांच्या ढिगाशी. एकदा हौसावैनी मंदाला नवऱ्यापाशी सोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काशीनं तिची दोन आणून सोडली. मग माझ्या बायकोनं बबनला. आठवडाभरात ज्या चिंचेनं पाय मोडला, तिच्याच सावलीत नामदेव पाय पसरून बसलेला आणि भोवती पंधराएक पोरं. मी सांगताना पन्नास सांगतो.

गावातले बापये त्याला सोडतात होय? येता-जाता विचारायचे, “काय आप्पा, बाळंतपण नीट झालं का?” नामदेव मान वर न करता म्हणायचा, “झालं की. त्यातलं एक तुझंबी हाय, नाक पुसून जा त्याचं.”

खेळणी आणायची कुठून? ज्वारीच्या ताटाची बैलगाडी करावी तर ते ताट बैलाच्या तोंडातून काढावं लागलं असतं. पण नामदेवचं म्हणणं, दुष्काळ पोटाला असतो, हाताला नसतो. बाभळीच्या वाळल्या शेंगा दोऱ्यात ओवून त्यानं पोरींना पैंजण केले. त्या चालल्या की असा खुळखुळाट व्हायचा, की रानातले साप गाव सोडून गेले. चिंचोक्यांचे खेळ, खापराच्या चकत्या, ओढ्याच्या ओलसर कोपऱ्यातली माती आणून तिची इंजिनं. बैल नाहीत, इंजिनंच. आणि सगळ्यात मोठी गंमत मोगली एरंडाची. त्याला जनावर तोंड लावत नाही, म्हणून तेवढाच काय तो त्या साली हिरवा होता. त्याचा देठ मोडून हळूच फाकवला की चिकाचा पातळ पडदा धरतो. फुंकर घातली की सातरंगी फुगे. चीक तोंडात घालायचा नाही, डोळ्याला लावायचा नाही, हात मातीनं घासून मगच भाकरीला बसायचं, हा दंडक. बबनचा एक फुगा वाऱ्यावर भीमेपर्यंत गेला आणि तिथं एका म्हशीच्या शिंगावर जाऊन टेकला. साक्षीदार मी एकटाच आहे, त्याला माझा इलाज नाही.

पण पोरं म्हणजे पाऱ्याचे गोळे, आणि हा लंगडा. पांगली तर धरणार कशी? म्हणून त्यानं रेल्वे चालू केली. मंदा इंजिन, बबन गार्ड, बाकीचे डबे. रोज सकाळी गाडी निघायची, आज बाभळीच्या स्टेशनाला, उद्या मातीच्या. नामदेव काठी टेकत मागून. थांबायच्या ठिकाणी तो एक काटकी रोवायचा, तिला लाल चिंधी. काटकी उभी आहे तोवर गाडी जागची हलायची नाही, मग विंचू येवो की वादळ. काटकी आडवी केली की सिग्नल पडला, गाडी मोकळी. सिग्नल बिघडला असेल तर हिरवा डहाळा दाखवला तरी चालेल, हासुद्धा नियम. हळू जायची ती पॅसेंजर, धावायची ती मेल. पोरांनी हे असं उचललं की आया घरी गेल्यावर बोंबलायच्या, “आरं, जेवायला ऊठ की!” आणि पोरगं विचारायचं, “सिग्नल कुठाय?”

तर तो दिवस. सुरुंग दुपारच्या सुट्टीत उडवायचा शिरस्ता होता. त्या दिवशी साहेबांची जीप यायची म्हणून मुकादमानं घाई केली. आणि नेमकी गाडी निघालेली ओढ्याला. नामदेवनं पोरांना पात्रात बसवलं, लाल चिंधी रोवली आणि काठी टेकत वरच्या वळणावर एरंडाचे देठ आणायला गेला. मुकादमानं वात पेटवली, वळून बघतो तर खाली ही रांग.

आता समजलं, पोरं का उठत नव्हती ते.

बायकांनी घण टाकले. काशी छाती पिटत पळाली, हौसावैनी तिच्या पुढं. मुकादम ओरडून ओरडून कोरडा पडला. आणि पोरं आपली शहाण्यासारखी बसून. आयुष्यात एवढी गुणी मुलं मी पाहिली नाहीत आणि गुणी मुलांचा एवढा संताप मला पुन्हा कधी आला नाही.

तेवढ्यात वळणावर नामदेव दिसला. त्यानं मुकादमाकडं बघितलं, धावणाऱ्या बायकांकडं बघितलं, आणि काठी फेकली. हातात एरंडाची फांदी होती. ती डोक्यावर धरली आणि ओरडला, “मंदे! हिरवी! पॅसेंजर न्हाई... मेल! मेल सोड!”

मंदा उठली. आधी शिट्टी दिली, कारण शिट्टीशिवाय इंजिन सुटत नाही. माझा जीव त्या शिट्टीपुरता अंगाबाहेर जाऊन आला. मग मेल जी सुटली... एकही डबा घसरला नाही. नामदेव एका पायावर बांधाच्या आडोशाला उडी मारून पोचला आणि अख्खी गाडी त्याच्या अंगावर येऊन आदळली. गार्डसुद्धा.

मग सुरुंग उडाला. धूळ बसल्यावर आम्ही गेलो तर जिथं लाल चिंधी रोवली होती तिथं चिंधी नव्हती. तिथं दगड होता. म्हशीएवढा. पुढं शिरूरच्या स्टँडवर मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा ती म्हैस गाभण असायची.

मुकादम मंदापाशी उकिडवा बसला. एवढा बोंबलतोय मी, उठली का नाहीस, म्हणून विचारलं. चार वर्षांची पोर त्याला म्हणाली, “सिग्नल पडला न्हवता.”

त्या संध्याकाळी मी नामदेवकडं गेलो. पोरं त्याच्यामुळं वाचली असं मी म्हणालो, तर म्हणाला, “माझ्यामुळंच बसली व्हती की, गणपत.” काशीनं तर वस्तीत उभं राहून सांगितलं की पुन्हा आपली पोरं त्याच्या सावलीला ठेवणार नाही. बाकीच्या बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली, म्हणजे त्यांचंही तेच. त्या रात्री प्रत्येक घरात एकच प्रश्न होता, उद्या कामाला जायचं की पोरं धरून बसायचं.

सकाळी मी मुद्दाम गाडी चिंचेवरून घेतली. नामदेव एकटाच बसला होता, मंदासुद्धा आईबरोबर गेलेली. शेंगांचे पैंजण फांदीला लटकत होते, वाऱ्यानं वाजत होते. बऱ्याच वेळानं काशीच आली. दोन्ही पोरं पुढ्यात सोडली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “ठिवते. पर आधी ह्यास्नी पळायला शिकीव.”

मग त्यानं नवा नियम केला. कुणीही मोठं माणूस ‘पळा’ म्हणालं की सगळे सिग्नल पडले, सगळ्या गाड्या मेल. आणि तो नियम पक्का करायला ओरडणार कोण? खुद्द मुकादम. दुपारच्या सुट्टीत भाकरी सोडून तो चिंचेखाली यायचा आणि पोरं खेळात रंगली की मागून आरोळी ठोकायचा. पोरं उधळायची, तो हसायचा, पुन्हा ओरडायचा. आठ दिवसांत त्याचा आवाज असा बसला की पुढं महिनाभर कामावर त्याला खुणा कराव्या लागल्या. सुरुंगाआधी मात्र तो स्वतः चिंचेपर्यंत चालत येऊन पोरं मोजून जायचा.

पाय बरा झाला, नामदेव दौंडला परत गेला, रिटायर होऊन पुन्हा चिंचेखाली आला. तेव्हा त्याच डब्यांची पोरं त्याच्यापुढं फुगे उडवायला बसली. माझा बबन आता कारेगावात फॅक्टरीत सुपरवायझर आहे. भोंगा झाल्यावर सगळे कामगार बाहेर पडेपर्यंत तो दारात उभा राहतो, शेवटचा माणूस गेला की मग निघतो. त्याला विचारलं का, तर म्हणतो सवय. ही सवय कुणाची, हे मला माहीत आहे. बापाची नक्कीच नाही.

परवा वस्तीवर जाऊन आलो. हौसावैनींनी चहा ठेवला. त्याच्या खोलीत कोनाड्यात एरंडाच्या वाळलेल्या देठांची जुडी तशीच होती, शेजारी मातीचं एक इंजिन, चाकं झिजलेलं. आणि त्याच्यामागं एक दगड. त्या दिवशी तो त्यानं ओढ्यातल्या चिंधीच्या जागेवरून उचलून आणला होता, हे वैनींनी सांगेपर्यंत मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. उचलून बघितला. पेरूएवढा असेल. एका कडेला धार.

मी आयुष्यभर ज्या म्हशीवर बसून गावोगाव हिंडलो, ती माझ्या मुठीत मावत होती. म्हटलं, “वैनी, दुसराच असंल ह्यो. त्यो केवढा होता...”

वैनींनी कप खाली ठेवला.

“तेवढाच व्हता, भावजी,” त्या म्हणाल्या. “तेवढा पुरला असता.”