वाळवीची खूण

कर्णबधिरांच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवलेल्या या बाईंना गल्लीत कुणी नावानं ओळखत नसे. सगळे त्यांना हातवारेबाई म्हणत, आणि बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. तेव्हापासून त्या घरात भांडणं हातांनी झाली आणि समजुतीही हातांनीच निघाल्या. आई पीठ मळता मळता बोलायला लागली की भाऊ खुणेनं म्हणायचा, "आधी हात धू, तुझे शब्द चिकट झालेत."

शाळा सुटल्यावर बाई दुभाष्याचं काम करत. दवाखान्यात, न्यायालयात, बँकेच्या खिडकीशी. त्यांचा नियम एकच: समोरचा बोलेल ते सगळं, बोलेल तसं. डॉक्टर खेकसला तर खेकसणंही पोचवायचं. "मी गाळणी नाही, नळी आहे," असं त्या म्हणत.

निवडणूक तोंडावर आली तशी एका पक्षाला बहिऱ्या मतदारांची एकाएकी आठवण झाली. पक्षाचे चिटणीस बाईंच्या घरी आले. परीटघडीचा शर्ट, आवाजात मध. आमच्या प्रत्येक सभेत व्यासपीठावर दुभाषी असणार, असं त्यांनी सांगितलं आणि पक्षाचं दोन पानी भूमिकापत्रक बाईंच्या हातात ठेवलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की द्वेष पसरवणाऱ्या भाषणाला पक्षाचा कडाडून विरोध आहे. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आलेली पक्ष मुळीच खपवून घेणार नाही.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण कुठलं पान कधी लावायचं, हे कोण ठरवतं?"

चिटणीस मोकळेपणानं हसले. असल्या प्रश्नांवर हसायची त्यांना सवय होती.

पहिल्या दोन सभा रस्ते, पाणी आणि आश्वासनं यांत पार पडल्या. तिसरी सभा नाट्यगृहात होती. पहिल्या दोन रांगा कर्णबधिरांसाठी राखून ठेवलेल्या, कारण कॅमेऱ्यांना त्या नीट दिसत होत्या. त्या रांगांत भाऊ होता आणि त्याचा शाळेपासूनचा मित्रही होता. हा मित्र शिंपी, नदीपलीकडच्या वस्तीत राहणारा. बाईंच्या घरातले निम्मे कपडे त्याच्याच हातचे.

त्या दिवशीचे वक्ते म्हणजे पक्षाची मुलूखमैदान तोफ. दहा मिनिटं स्वतःची आरती ओवाळून झाल्यावर गाडी नदीपलीकडच्या वस्तीवर घसरली. "ही माणसं नाहीत, ही वाळवी आहे!" ते गरजले. "आणि वाळवीशी कुणी चर्चा करत नाही. वाळवीवर फवारणी करतात!"

वाळवी कुरतडते ती खूण आणि फवारणीची खूण. बाईंच्या हातांनी दोन्ही केल्या. एकवीस वर्षांची सवय, हात थांबले नाहीत. दुसऱ्या रांगेतला शिंपी उभा राहिला. त्यानं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. मी?

बाईंचे हात खाली आले. मागं टाळ्यांचा पाऊस पडत होता. वक्त्यांना वाटलं, पहिल्या रांगा भारावून उठताहेत. त्यांनी शिंप्याकडं बघून नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी सभेची चित्रफीत पसरली आणि बोंबाबोंब झाली. त्यावर पक्षानं आधी सांगितलं की आवाजात छेडछाड केली आहे. वाक्य यंत्रानं बनवलंय, आमचे नेते असं बोलूच शकत नाहीत. हे सगळं दुपारपर्यंत चाललं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चित्रफितीच्या कोपऱ्यात एक बाई उभी आहे, आणि तिच्या हातांत कुणी छेडछाड केलेली नाही.

चिटणिसांनी बाईंना कार्यालयात बोलावून घेतलं. टेबलावर टंकलेलं पत्र तयार होतं, खाली सहीपुरती जागा.

"काही विशेष नाही बाई. घाईत तुमच्याकडून चुकीची खूण झाली, एवढंच. साहेब म्हणाले होते की अफवा ही वाळवी आहे. तुम्ही माणसं दाखवलीत."

"मग फवारणी कशावर करायची होती? अफवांवर?"

"ते... लाक्षणिक आहे."

"लाक्षणिक असतं तर टाळ्या एवढ्या खऱ्या पडल्या नसत्या," बाई म्हणाल्या.

चिटणिसांच्या आवाजातला मध आटला. "हे बघा, आमचा पक्ष अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आदर करतो."

"मग मला लिहू द्या ना, मी काय ऐकलं ते. एक कोरा कागद द्या."

"स्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते नव्हे, बाई!"

बाईंना हसू आलं. या माणसाला काल हेच वाक्य व्यासपीठावर सुचलं असतं तर केवढं काम झालं असतं. त्यांनी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडल्या.

आठवड्यानं पक्षानं दुभाषी मंडळाकडं तक्रार दाखल केली. ती वाचून बाईंना आधी कळेचना, मग कळलं तेव्हा कानशिलं तापली. द्वेष पसरवल्याचा आरोप त्यांच्यावरच होता! साहेबांच्या निर्मळ भाषणात या बाईंनी स्वतःच्या मनातलं विष हातांनी कालवलं म्हणे. जोडीला भूमिकापत्रकाचं पहिलं पान लावलेलं. दुसरं पान पाठवायला ते विसरले होते.

"चोराच्या उलट्या बोंबा," भावानं खुणेनं सांगितलं, आणि बोंब मारायची खूण त्यानं इतक्या थाटात केली की त्या संतापातही बाई हसल्या.

मंडळाची चौकशी एका कोंदट खोलीत झाली. चौकशी अधिकारी म्हणजे चष्मा कपाळावर ठेवणारी एक खमकी बाई. पक्षाचा वकील तासभर शब्दांचा कीस पाडत होता. अधिकारीबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या शहरातून बोलावलेल्या दुभाष्याला खुर्चीत बसवलं. या गृहस्थांनी ते भाषण कधी ऐकलं नव्हतं.

"आवाज बंद करा," त्या म्हणाल्या. "आता यांचे हात काय सांगताहेत ते मोठ्यानं सांगा."

पडद्यावर बाई मुक्यानं हात हलवत होत्या आणि परका दुभाषी वाक्यं जुळवत गेला. माणसं नाहीत. वाळवी. चर्चा नको. फवारणी. मग तीच चित्रफीत आवाजासकट लावली. एका शब्दाचा फरक निघाला नाही. वकिलानं यंत्रानं बनवलेल्या आवाजाचा मुद्दा पुन्हा काढला.

"म्हणजे यंत्रानं नंतर बनवलेलं वाक्य या बाईंनी सभेत आधीच करून दाखवलं?" अधिकारीबाईंनी विचारलं. "मग यांना दुभाषी कशाला, ज्योतिषी म्हणून नेमा."

तक्रार फेटाळली गेली. पक्षानं दोन ओळींचं निवेदन काढलं, त्यात खेद होता पण कशाबद्दल ते नव्हतं. वक्त्यांना समज दिली गेली. ती त्यांना चांगलीच मानवली असावी, कारण महिन्याभरात ते पक्षाच्या शिस्तपालन समितीचे प्रमुख झाले. बाईंना मात्र त्यानंतर कुठल्याच पक्षानं सभेला बोलावलं नाही. या बाई जरा जास्तच स्पष्ट आहेत, असं सगळ्या पक्षांचं एकमत झालं. एरवी त्यांचं कशावरच होत नसे.

चौकशीच्या निकालानंतर बाई नदी ओलांडून शिंप्याच्या दुकानात गेल्या. तो काज करत होता. त्यानं सुई खोचून ठेवली आणि हात मोकळे केले.

"जिंकलात," त्यानं खुणेनं म्हटलं.

"हो."

"एक विचारू? हात थांबवले का नाहीत?"

बाईंनी नियम सांगितला. सगळं पोचवायचं, नाहीतर तुम्हाला कळणार कसं, की तुमच्याबद्दल काय बोललं जातंय? त्यानं मान डोलावली. ते त्याला पटत होतं. तरी तो थोडा वेळ त्यांच्या हातांकडं बघत राहिला.

"कळायला हवंच होतं," तो म्हणाला. "पण तुमच्याकडून कळलं, हे बरं नाही वाटलं."

बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसल्या. त्यानं सुई पुन्हा हातात घेतली, पण त्यांना जा म्हणाला नाही.